मंडळीनें दान मागावें काय, व तें कसें मागावें?



मंडळीच्या सभेंत पैशाची गोष्ट निघाली कीं दोघांच्या माना खालीं जातात: ज्याला मागावयाचें असतें त्याची, व ज्याला द्यावयाचें असतें त्याची. उपदेशक प्रार्थनेविषयीं मोकळेपणानें बोलतो, पश्चात्तापाविषयीं कळकळीनें बोलतो. परंतु गळक्या छपराविषयीं किंवा थकलेल्या पगाराविषयीं बोलण्याची वेळ आली म्हणजे त्याची जीभ अडखळते. मग कोणी म्हणतो, "देव पुरवील." कोणी म्हणतो, "गरिबांपाशीं काय मागावें?" कोणी म्हणतो, "मुंबईच्या मित्रांना पत्र लिहा." आणि सभा उठते. छप्पर गळतच राहतें.

ह्या संकोचाच्या मुळाशीं नीतीचा एक प्रश्न आहे, व तो आज आपण शांतपणें तपासून पाहूं. देवाच्या कामाकरितां माणसांपाशीं पैसा मागणें, आणि तो मिळावा म्हणून आगाऊ योजना करणें, हें योग्य आहे काय? योग्य असेल तर कोणत्या मर्यादेंत?

हा प्रश्न नवा नाहीं. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४–५५ सालीं हिंदुस्थानांत आले व अहमदनगरच्या मिशनासही त्यांनीं भेट दिली. देशी मंडळीनें आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण पाहावा व सुवार्ता आपण पसरावी, असें त्यांचें म्हणणें होतें. इंग्लंडांत चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन हेही त्याच मताचे होते. ह्या गोष्टीस दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी कित्येक गांवांतील मंडळ्या अद्याप बाहेरच्या हाताकडे पाहत बसल्या आहेत. आतां तर तो हात पूर्वींसारखा पोहोंचतही नाहीं. परदेशी देणग्यांविषयींचा जो कायदा २०१० सालीं झाला, त्यांत २०२० सालीं दुरुस्ती होऊन, एका संस्थेनें घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे सोपविण्यास मनाई झाली. शहरांतल्या मोठ्या संस्थेकडून खेड्यांतल्या लहान संस्थेकडे जो झरा वाहूं शके, तो त्यामुळें बंद झाला. परंतु झरा आटला म्हणून विहीर खणावी, एवढेंच माझें सांगणें नाहीं. झरा वाहत असता तरी विहीर खणणें आपलें कर्तव्य होतें. कां, तें पुढें पाहूं.

पहिला आक्षेप असा कीं, पैशाची योजना करणें हा अविश्वास आहे. जो देव पांखरांना चारा देतो तो आपल्या मंडळीस विसरेल काय? असें बोलणारे बहुधा ब्रिस्टल शहराच्या जॉर्ज म्यूलर यांचें उदाहरण देतात. म्यूलर यांनीं १८३६ सालीं अनाथ मुलांचा आश्रम काढला, आणि १८९८ सालीं मरण येईपर्यंत त्याकरितां कोणाही मनुष्यापाशीं पैसा मागितला नाहीं; केवळ देवापाशीं मागितला. हें खरें आहे, व त्यांच्या विश्वासापुढें आपण मस्तक लववावें. परंतु त्याच म्यूलर यांची दुसरी गोष्ट आपण क्वचितच ऐकतों. आलेल्या देणग्यांची ते काळजीपूर्वक नोंद ठेवीत, आणि वर्षाचा वृत्तांत जमाखर्चासह छापून प्रसिद्ध करीत. ज्यानें माणसांपाशीं मागितलें नाहीं, त्यानेंही माणसांना हिशेब दिला. मग आपण जे मागतों, त्या आपण तर तो अधिकच दक्षतेनें दिला पाहिजे. विश्वासाचें नांव पुढें करून वही कोरी ठेवणाऱ्यास म्यूलर यांच्या उदाहरणाचा आधार मिळत नाहीं.

शास्त्राकडे पाहतां तर योजनेचीच साक्ष मिळते. पौल प्रेषितानें यरुशलेमांतील गरीब पवित्र जनांकरितां वर्गणी गोळा केली, तिची रीत पाहा. करिंथकरांस त्यानें लिहिलें कीं, आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या प्राप्तीच्या मानानें कांहीं बाजूस ठेवावें, म्हणजे आपण आल्यावर धांवपळ होणार नाहीं (१ करिंथ १६:१–२). तीत व त्याच्यासोबतचे बंधु यांना त्यानें त्या कामास लाविलें. त्यांपैकीं एकाला तर मंडळ्यांनींच निवडिलें होतें. कारणही त्यानें लपविलें नाहीं: एवढी मोठी रक्कम हातीं असतां कोणी दोष ठेवूं नये, आणि देवासमोर जें चोख आहे तें माणसांसमोरही चोख दिसावें (२ करिंथ ८:१६–२१). म्हणजे वेळ ठरलेली, प्रमाण ठरलेलें, माणसें ठरलेलीं आणि हिशेब उघडा. हा मनुष्य विश्वासानें उणा होता असें कोण म्हणेल?

ह्याहून बोधप्रद गोष्ट दुसऱ्या राजांच्या बाराव्या अध्यायांत आहे. योवाश राजानें याजकांना सांगितलें कीं, लोकांकडून पैसा घ्यावा व मंदिराची मोडतोड दुरुस्त करावी. राजाच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष उजाडलें, तरी दुरुस्ती झाली नाहीं. लोक कृपण होते काय? पुढची हकीकत पाहा. यहोयादा याजकानें एक पेटी घेऊन तिच्या झांकणाला भोंक पाडिलें व ती वेदीजवळ ठेविली. राजाचा लेखक व मुख्य याजक हे दोघे मिळून पैसा मोजूं लागले, थैल्यांत बांधूं लागले, आणि सुतार, गवंडी व पाथरवट यांची मजुरी त्यांतून भागूं लागली. तेव्हां त्याच लोकांच्या दानानें तेंच काम मार्गीं लागलें. लोक बदलले नव्हते. व्यवस्था बदलली होती. आपल्या गांवीं "लोक देत नाहींत" असें म्हणण्यापूर्वीं आपण स्वतःस विचारावें: पेटी कोठें आहे, तिची किल्ली कोणापाशीं आहे, आणि मोजणारे किती आहेत?

दुसरा आक्षेप मानी मनाचा आहे, आणि मला त्याचा आदर वाटतो. मागणें ही भीक आहे, असें कित्येक म्हणतात. आपल्या खेड्यांत ह्या शब्दाला कडू आठवणी चिकटलेल्या आहेत. ज्यांचे पूर्वज गांवगाड्यांत बलुत्यावर राबले, ज्यांना दिवसभर राबूनही सायंकाळीं दारोदार भाकर मागावी लागली, त्यांना हा शब्द टोंचणारच. १९२७ सालीं महाड येथें डॉक्टर आंबेडकर यांनीं आपल्या लोकांस उष्टें खाणें सोडण्यास बजाविलें, तें ह्याच अपमानातून वर येण्याकरितां. पुढें मुंबई राज्यांत १९५८ सालच्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द झालीं. इतक्या कष्टानें टाकलेली झोळी मंडळीच्या नांवानें पुनः कां घ्यावी, असें कोणी विचारिल्यास त्याला नीट उत्तर दिलें पाहिजे.

उत्तर असें कीं, भीक आणि मंडळीचें मागणें यांत तीन भेद आहेत. भिकारी आपल्या पोटाकरितां मागतो. मंडळी सर्वांच्या कामाकरितां मागते. भिकाऱ्याला हिशेब द्यावा लागत नाहीं. मंडळीला पैन् पैचा द्यावा लागतो. भीक घालणारा वर उभा असतो व घेणारा खालीं. मंडळींत मागणारा आणि देणारा प्रभूच्या एकाच मेजाभोंवतीं येतात. खरी झोळी ती, जी आपण स्वतः कांहीं न देतां बाहेरच्यांपुढें पसरतों. जो हात पिढ्यान् पिढ्या खालींच पसरलेला राहिला, तो जेव्हां धान्याची मूठ भरून पेटींत टाकतो, तेव्हां घेणाऱ्याचा हात देणाऱ्याचा होतो. हें भीक मागणें नव्हे. भीक सुटल्याची ती खूण आहे.

आपल्या देशांतील ख्रिस्ती पुढाऱ्यांनीं हें पूर्वींच ओळखिलें होतें. बंगालमधील श्रीरामपूर येथें १९०५ सालच्या डिसेंबराच्या २५ तारखेस नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. माणसें हिंदी, पैसा हिंदी आणि कारभार हिंदी, हें तिचें तत्त्व. तिच्या संस्थापकांपैकीं व्ही. एस. अझरया हे १९१२ सालीं दोर्णाकलचे बिशप झाले. त्यांच्या मंडळ्यांतील बहुतेक लोक माला व मादिगा जातींचे खेडूत मजूर, म्हणजे आपल्यासारखेच गांवाबाहेर राहिलेले. एवढ्या गरिबांना दानाचें शिक्षण द्यावें किंवा न द्यावें, ह्याविषयीं अझरयांच्या मनांत शंका नव्हती. ख्रिस्ती दानाविषयीं त्यांनीं पुस्तकही लिहिलें.

आतां तिसरा आक्षेप, व तोच सर्वांत कठीण. ज्याच्या घरीं पेरणीपुरतेंही बियाणें नाहीं, ज्याच्या डोक्यावर सावकाराचें किंवा बचत गटाचें कर्ज आहे, त्याच्यापाशीं मागणें न्यायाचें आहे काय?

दानाच्या रविवारीं आपण विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट वाचतों (मार्क १२:४१–४४). पण तिच्या लगेच अगोदर प्रभु काय बोलला तें बहुधा वाचीत नाहीं. लांब लांब प्रार्थना करून विधवांचीं घरें गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयीं त्यानें तेथें कडक इशारा दिला आहे. सुवार्तिकानें ह्या दोन गोष्टी शेजारीं ठेविल्या आहेत, व आपण त्या शेजारींच ठेवून वाचाव्या. देणाऱ्या विधवेची स्तुति आहे. तिच्यापासून उकळणाऱ्याला दंड आहे. म्हणून मागणाऱ्यानें देवाचें भय धरून मागावें.

येथें दोन पापें संभवतात. पहिलें उकळण्याचें. वर्गणी थकली म्हणून बाप्तिस्मा, लग्न किंवा दफन अडवून धरणें. भरसभेंत नांवें व आंकडे वाचून गरिबाची मान खालीं घालणें. दान दिल्यास दुखणें बरें होईल, पीक दुप्पट येईल, असें आमिष दाखविणें. कर्ज काढून द्यावयास लावणें: हीं सर्व विधवेचें घर गिळण्याचींच रूपें होत. असा पैसा पेटींत आला तरी त्यानें मंडळी बांधली जात नाहीं.

दुसरें पाप वगळण्याचें, व तें दयेसारखें दिसतें म्हणून ओळखूं येत नाहीं. "तिच्यापाशीं काय आहे?" असें म्हणून आपण पेटी तिच्या पुढून पुढें नेतों. प्रभूनें तर त्या विधवेचा हात धरिला नाहीं. आपण तिला न कळत सांगतों कीं, मंडळी चालविण्यांत तुझा वांटा नाहीं. आणि जिचा वांटा नाहीं तिच्या शब्दालाही पुढें वजन राहत नाहीं. जेथें एकच सधन मनुष्य छप्पर, पगार व सण ह्यांचा सारा खर्च सोसतो, तेथें कांहीं वर्षांनीं उपदेशही त्याच्या चेहऱ्याकडे पाहून होऊं लागतो. पाळकाला निर्भयपणें बोलतां यावें असें वाटत असेल, तर त्याचा पगार पुष्कळ हातांनीं थोडा थोडा दिला पाहिजे. परदेशचा पैसा वाहत असता तरी विहीर खणावयाची होती, असें मीं म्हटलें, तें ह्याकरितां. जो खर्च चालवितो तोच शेवटीं कारभार चालवितो.

म्हणून मागावें, आणि सर्वांपाशीं मागावें. परंतु ज्याच्यापाशीं जें आहे त्या मानानें मागावें, नाहीं त्या मानानें नव्हे, ही पौलाची मर्यादा ओलांडूं नये (२ करिंथ ८:१२). ज्याला ह्या वर्षीं कांहींच देतां येत नाहीं, त्यानें छपरावर कौलें चढविण्यास एक दिवस यावें. तोही दाताच होय.

थोड्या थोड्यानें काय होणार, असें मनांत येईल. मिझोरामांतील ख्रिस्ती स्त्रियांनीं १९१० च्या सुमारास स्वयंपाकाच्या वेळीं एक मूठ तांदूळ देवाकरितां बाजूस काढण्याची रीत सुरू केली. ती रीत आजही चालू आहे, व तेथील मंडळीच्या मिशनकार्यास तिचा मोठा आधार आहे. आपल्या महाराष्ट्रांत भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढिली, तिच्या वसतिगृहांनाही खेड्यांतून गोळा झालेल्या धान्याचें पाठबळ मिळालें. आपणही हिशेब करून पाहूं. एक मूठ ज्वारी सुमारें ५० ग्रॅम धरिली, तर रोज एक मूठ काढणाऱ्या घरांतून महिन्यास दीड किलो होते. मंडळींत ४० घरें असलीं तर महिन्यास ६० किलो, आणि वर्षास सात क्विंटलांहून अधिक. कोणत्याही एका घरानें ती देतांना आपली चूल थंड केली नाहीं.

परंतु मुठीच्या मागें योजना पाहिजे. ह्या बाबतींत पंडिता रमाबाई यांच्यासारखें दुसरें उदाहरण आपल्या मराठी मंडळींत नाहीं. विधवांकरितां शाळा काढण्याचा हेतु मनांत धरून त्या १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. १८८७ सालीं त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीविषयीं इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें, म्हणजे आधीं गरज काय आहे हें लोकांना समजाविलें. गांवोगांव फिरून व्याख्यानें दिलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बोस्टन शहरीं त्यांच्या साहाय्याकरितां संस्था स्थापन झाली, व ठिकठिकाणीं लहान लहान मंडळें निघालीं. साहाय्याची मुदत दहा वर्षांची ठरली. १८८९ सालच्या मार्चाच्या ११ तारखेस मुंबईंत शारदासदन उघडलें.

आतां पुढचें लक्षांत घ्या. दहा वर्षें मदत मिळणार म्हणून रमाबाई स्वस्थ बसल्या नाहींत. दहा वर्षें कधीं तरी संपणार, हें त्यांनीं आरंभींच ओळखिलें. मुदत संपण्यापूर्वींच त्यांनीं केडगांव येथें जमीन घेऊन फळझाडें लाविलीं, कीं पुढें त्यांच्या उत्पन्नावर काम चालावें. तेवढ्यांत १८९६–९७ चा दुष्काळ आला. त्यांनीं शेंकडों निराधार मुली वांचवून आणिल्या, आणि पुण्यांत प्लेगच्या निर्बंधांमुळें त्यांना ठेवणें कठीण झालें, तेव्हां तीच केडगांवची जमीन त्यांचा आसरा झाली. तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. जी जमीन उत्पन्नाच्या हेतूनें घेतली होती, ती देवानें जीव वांचविण्याकरितां वापरिली. रमाबाईंचा प्रार्थनेवरील विश्वास सर्वांना ठाऊक आहे; म्यूलर यांचें चरित्रही त्यांनीं आदरानें वाचिलें होतें. तरी झाडें त्यांनीं वेळेवर लाविलीं.

ह्या सर्वांवरून आपल्या पंचांनीं व उपदेशकांनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों.

पहिलें, नव्या वर्षापूर्वीं एक दिवस बसून वर्षाचा खर्च लिहून काढावा: पगार, दिवाबत्ती, दुरुस्ती, गरिबांचें साहाय्य. तो मंडळीपुढें वाचावा. गरज न सांगतां मागणें व आंधळेपणानें देणें, दोन्हीं टाळावीं.

दुसरें, मागण्याची वेळ लोकांच्या कमाईशीं जुळवावी. नोकरीवाल्यांकरितां महिना ठीक, शेतकऱ्याकरितां सुगी, ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांकरितां तीं गांवीं परतल्यावर. आषाढांत रिकाम्या कणगीपुढें पेटी नेऊन ठेवणें शहाणपणाचें नाहीं. कापणीच्या सणाचा लिलाव अवश्य करावा, परंतु तो सधनांच्या चढाओढीचा तमाशा होऊं देऊं नये.

तिसरें, पैसा नेहमीं दोघांनीं मोजावा, व ते दोघे एकाच घरचे नसावे. प्रत्येक दानाची पावती द्यावी. आज कोणी मोबाइलवरून दान पाठवितो. तें पाळकाच्या खासगी खात्यांत न जातां मंडळीच्या खात्यांत जावें, आणि तें खातें दोघांच्या सह्यांचें असावें. तीन महिन्यांनीं जमाखर्च उपासनेनंतर वाचून दाखवावा: एकंदर आंकडे, कोणा एकाचें नांव नव्हे. पाळक कितीही सचोटीचा असो, ह्या रीतीनें त्याचेंच रक्षण होतें.

चौथें, हें काम एकाच वृद्ध खजिनदाराच्या डोक्यांत राहूं नये. त्याच्याबरोबर एक तरुण व एक तरुणी बसवून त्यांना कीर्द लिहिणें, पावती फाडणें व आभाराचें पत्र लिहिणें शिकवावें. खजिनदार गेला आणि वहीही त्याच्याबरोबर गेली, अशी दशा मंडळीची होऊं नये.

पांचवें, कांहीं भाग पुढच्या वाईट वर्षाकरितां राखावा. शक्य तेथें मंडळीच्या आवारांत चार फळझाडें लावावीं.

सहावें, पुरे झालें म्हणजे पुरे म्हणावें. निवासमंडपाकरितां लोक गरजेपेक्षां अधिक आणूं लागले, तेव्हां मोशेनें छावणींत दवंडी देऊन त्यांना थांबविलें (निर्गम ३६:५–७). छपराकरितां मागितलेला पैसा छपरालाच लावावा, व काम झाल्यावर तें झालें असें सांगावें. ज्याला थांबतां येतें त्याच्या पुढच्या मागण्यावर लोकांचा विश्वास बसतो.

बंधुभगिनींनो, मागतांना आपली मान खालीं जाते, ती मागण्यामुळें नव्हे. हिशेब तयार नसतो, काम ठरलेलें नसतें, व आपण स्वतः आधीं दिलेलें नसतें, म्हणून ती खालीं जाते. हीं तीन सुधारलीं म्हणजे उपदेशकानें पहिली मूठ स्वतः पेटींत टाकावी आणि मग मोकळ्या मनानें लोकांपुढें उभें राहावें. येत्या पंचांच्या सभेंत निदान एक वही, एक पावतीपुस्तक आणि दोन मोजणारे एवढें ठरवून उठा. ज्यानें धनवान असून आपणांकरितां दरिद्रता पत्करिली, तो प्रभु येशू आपल्या लहान लहान मंडळ्यांना उदार हात व चोख वही हीं दोन्हीं देवो. आमेन.